ओळख होते ती कामातून

मैत्री कँटीनमध्ये जुळते, वर्गाचा तिच्याशी संबंध नाही, असं आपण गृहीत धरतो. रत्नागिरी जिल्ह्यातलं एक उदाहरण याच्या उलट सांगतं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२) पदवीच्या शेवटच्या वर्षाला ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो. मुलं गटाने गावात जातात आणि गावकऱ्यांना विचारत जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात: वाड्या, विहिरी, वहाळ, कलमांच्या बागा. हे एकट्याचं काम नव्हे. कुणाला माणसं बोलती करता येतात, कुणाला मोजमाप कळतं. एकमेकांची गरज पडते म्हणून ओळख होते. तासभर नुसतं टिपून घ्यायच्या वर्गात ही गरज पडतच नाही.

अमेरिकी अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९९७ मध्ये सिएटलच्या एका महाविद्यालयाबद्दल हेच मांडलं: एकत्र शिकणाऱ्या मुलांची आपसांत नाती जुळली आणि शिक्षणातही ही मुलं जास्त टिकली. यावर आक्षेप असा, की गटात एकजण राबतो, बाकीचे नाव लावतात आणि बुजरी मुलं आणखी मागे पडतात. तो खरा आहे, पण दोष कामाच्या वाटणीचा आहे. १९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत प्रत्येक मुलाला धड्याचा वेगळा भाग दिला. त्याचं ऐकल्याशिवाय इतरांचा धडा पुरा होत नसे, त्यामुळे बुजऱ्या मुलालाही बोलावंच लागे. अवघड संकल्पना उलगडायला व्याख्यान हवंच. पण प्राध्यापकांनी आठवड्यातला एक तास तरी अशा वाटून घेतलेल्या कामाला द्यावा.