सोडा-व्हिनेगरच्या फेसापलीकडचा ज्वालामुखी

प्रतिनिधी, मुंबई

शाळेचे विज्ञान प्रदर्शन म्हटले की मातीच्या डोंगरातून लाल फेस उसळविणारा सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी ठरलेलाच. तो आकर्षक दिसतो. मात्र लाव्हा म्हणजे वितळलेला खडक, हे त्यातून उमगत नाही. उपनगरांतील मुलांना खऱ्या ज्वालामुखीचा पुरावा घराजवळच पाहता येतो. अंधेरी पश्चिमेची सुमारे २०० फूट उंचीची गिल्बर्ट हिल सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनली आहे. हा लाव्हा थंड होताना आकसला, त्याला भेगा पडल्या आणि बहुकोनी उभे खांब तयार झाले.

कपातले खांब : कॉर्नफ्लोअर आणि पाणी समप्रमाणात कालवून कपात ओतावे व काही दिवस वाळू द्यावे. गोळा हलकेच मोडला की आत बारीक खांब दिसतात. येथे आकसण्याचे कारण पाणी उडून जाणे, तर टेकडीत उष्णता निघून जाणे. भेगांची रचना मात्र तीच.

धक्का कसा बसतो? : सँडपेपरवर वीट ठेवून तिला जाड रबरबँड बांधावा आणि संथपणे ओढावे. वीट आधी हलत नाही. रबर ताणत जाते आणि अचानक वीट पुढे सरकते. भूगर्भातील प्रस्तरभंगावरही ताण असाच साचतो आणि एकदम मोकळा होतो. रबर तुटू शकते, म्हणून मोठ्यांनी सोबत असावे.

घर का कोसळते? : ट्रेमध्ये लाकडी ठोकळ्यांच्या चार भिंती रचून ट्रे हलवावा. मग भिंतींभोवती वरच्या थराला रबरबँड घालून तोच प्रयोग पुन्हा करावा. बांधलेल्या भिंती अधिक काळ तग धरतात. भूकंपरोधक बांधकामात भिंतींना काँक्रीटचा सलग पट्टा देतात तो याचसाठी.

या खेळामागील धडा गंभीर आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला महाराष्ट्राने भूकंपाचा तडाखा सोसला. किल्लारीत पहाटेच्या झोपेतच हजारो जण दगडमातीच्या जड भिंतींखाली गाडले गेले.

म्हणूनच प्रयोगानंतर पालकांनी मुलांसह घरात एक फेरी मारावी. पलंगावरची जड फळी, भिंतीला न जखडलेले कपाट मुलांनाच शोधू द्यावे. मजबूत टेबलाखाली शिरून डोके झाकण्याचा आणि टेबलाचा पाय घट्ट धरण्याचा सरावही करून घ्यावा.