अहवाल येईपर्यंतचे दिवस

मानेवरच्या गाठीचा तुकडा काढून बाटलीत घातला जातो, बाटलीवर नाव लिहिले जाते आणि खिडकीमागचा माणूस मान वर न करता सांगतो, "चार-पाच दिवसांनी चौकशी करा." त्या क्षणापासून एका घराचे कालमापनच बदलून जाते. गाठ जिला आली ती एखाद्या माध्यमिक शाळेतील शिक्षिका असेल, तर दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे वर्गावर जाते, फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहिते आणि लिहिता लिहिता मनाशी दिवस मोजते. घरी यजमान एरवीपेक्षा अधिक मोठ्याने बोलू लागतात. सासूबाई देवापुढे काहीतरी बोललेल्या असतात, पण काय ते कोणाला सांगत नाहीत. दहावीतल्या मुलाची परीक्षा तोंडावर आली आहे, तेव्हा त्याला काही कळू द्यायचे नाही असे ठरते. आणि त्याला सारे कधीच कळलेले असते. रात्री दिवे मालवल्यावर हात पुनःपुन्हा मानेकडे जातो. गाठ कालच्याहून मोठी झाली काय?

रोगाची नोंद होते, उपचारांचा खर्च मांडला जातो, शस्त्रक्रियेचा दिवस ठरतो. निदानापूर्वीचे हे चार-पाच दिवस मात्र कोणाच्याच खात्यावर पडत नाहीत. डॉक्टरांच्या दृष्टीने अजून काही घडलेले नसते. प्रयोगशाळेच्या दृष्टीने काम चालू असते. आणि ज्याचे ते काम आहे त्याला या दोहोंपैकी कशाचाच पत्ता नसतो. भोवतालची मंडळी एकच उपदेश करतात: काळजी करू नका. "मन चिंती ते वैरी न चिंती" ही म्हणही कोणीतरी ऐकवतोच. या उपदेशात आस्था असते हे खरे, परंतु त्यात एक नकळत केलेला आरोपही असतो. जणू चिंता हा त्या माणसाच्या मनाचा दुबळेपणा असून त्याने निश्चय केला तर तो दूर होण्यासारखा आहे!

वस्तुतः अनिश्चितता हेच एक स्वतंत्र दुःख आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात बोलका आहे. ४५ स्वयंसेवकांना संगणकाच्या पडद्यावर दगड दाखवून त्याखाली साप आहे की नाही याचा अंदाज करावयास सांगितले होते. साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका बसे. घाम, डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार आणि स्वयंसेवकांचे स्वतःचे सांगणे यांवरून ताण मोजला गेला. झटका बसणार हे जवळजवळ निश्चित असताना ताण सर्वाधिक असेल असे कोणालाही वाटावे. तसे झाले नाही. झटका बसण्याची आणि न बसण्याची शक्यता समसमान होती, तेव्हाच ताण शिगेला पोहोचला. प्रयोगशाळेतला झटका आणि जीवघेण्या रोगाचा संशय यांत अंतर आहे, हे उघडच आहे. तथापि "काय असेल ते एकदा कळू दे" हे वाक्य ज्या घरात उच्चारले गेले आहे, त्या घराला या प्रयोगाचे नवल वाटणार नाही.

मग या दिवसांत त्या बाटलीचे नेमके होते काय? हे सहसा कोणी सांगत नाही, आणि सांगण्यासारखे पुष्कळ आहे. बाटलीतील द्रव म्हणजे फॉर्मॅलिन. शरीरातून काढलेला तुकडा तसाच ठेवला तर कुजू लागतो. फॉर्मॅलिनमुळे त्यातील पेशी होत्या त्या स्थितीत स्थिर होतात. हा द्रव आत मुरण्याचा वेग ताशी जेमतेम एक मिलिमीटर इतका मंद आहे, त्यामुळे पहिला दिवस बहुधा त्यातच जातो. नंतर तुकड्यातील पाणी काढून टाकण्यासाठी तो चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून फिरविला जातो, मग त्यात वितळलेले मेण भरले जाते. हे काम रात्रभर चालते. सकाळी मेणाची घट्ट वडी तयार होते. मायक्रोटोम नावाच्या यंत्राने तिचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. माणसाचा केस त्याहून दहा-वीस पट जाड असतो. हे काप कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर अलगद उचलून घ्यावे लागतात, आणि येथे यंत्रापेक्षा तंत्रज्ञाच्या हाताची सवयच कामी येते. पेशी मूळच्या जवळजवळ रंगहीन असल्याने त्यांना रंग द्यावा लागतो. हिमॅटॉक्सिलिनने पेशीचे केंद्र निळे-जांभळे होते, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी होतो. यातील पहिला रंग मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या गाभ्यापासून मिळतो. एवढे सारे झाल्यावर पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो.

कधी एका रंगाने उलगडा होत नाही. मग अधिक काप घेऊन विशेष रंगचाचण्या कराव्या लागतात, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे लागते, आणि अहवाल आणखी काही दिवस लांबतो. हाडाचा तुकडा असेल तर त्यातील चुना विरघळविण्यातच दिवस जातात. घरी मात्र लांबलेल्या प्रत्येक दिवसाचा एकच अर्थ लावला जातो: वाईट निघाले असणार, म्हणूनच सांगत नाहीत. विलंब म्हणजे दुश्चिन्ह हे समीकरण बहुतेक वेळा निराधार असते. पण ते चुकीचे आहे असे सांगणारा माणूस खिडकीपाशी भेटत नाही.

मानेतील गाठ म्हणजे कर्करोगच, ही समजूतही अशीच. आपल्या देशात अशा गाठीमागे क्षयरोग हे नेहमी आढळणारे कारण आहे, आणि क्षयरोग औषधांनी बरा होतो. त्याच्या तपासणीचे घड्याळ पुन्हा निराळे. जंतूची जनुकीय चाचणी यंत्रावर सुमारे दोन तासांत होते; मात्र जंतू वाढवून पाहायचे तर सहा-आठ आठवडेही लागू शकतात. आतड्यातील काही सामान्य जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात, क्षयाच्या जंतूला त्याच कामाला पंधरा-वीस तास लागतात. त्याला घाई करता येत नाही.

रक्ताच्या अहवालाची कथा याहून वेगळी. तेथे प्रतीक्षा थोडकी, पण हाती कागद आल्यावरच घाबरण्याची खरी सुरुवात होते. एखाद्या आकड्यापुढे ठळक खूण असते आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. 'सामान्य' म्हणून छापलेली मर्यादा बहुधा कशी ठरते? निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे जेथे पडतात, ती सामान्य मर्यादा. म्हणजेच ठणठणीत असलेल्या दर वीस माणसांपैकी एकाचा आकडा तिच्याबाहेर पडणार, हे त्या व्याख्येतच आले. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाचाही निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के भरते. गणिताच्या शिक्षकांना हा हिशेब फळ्यावर सहज मांडून दाखविता येईल. संपूर्ण शरीराच्या तपासणीची सवलतीची जाहिरात करणारे मात्र तो कधी मांडत नाहीत.

पूर्वी अहवाल बंद पाकिटात येई आणि तो डॉक्टरांपुढेच उघडावा असा संकेत होता. आता तो रात्री अकरा वाजता हातातल्या फोनवर येऊन पडतो. डॉक्टरांनी पाहण्यापूर्वी रुग्णाने तो पाहावा की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ हजारांहून अधिक लोकांच्या एका पाहणीत सुमारे ९६ टक्के लोकांनी अहवाल ताबडतोब मिळावा असेच सांगितले. ज्यांच्या अहवालात काही दोष निघाला त्यांच्यात चिंता वाढल्याचे प्रमाण अधिक होते, आणि तरीही त्यांच्यापैकी बहुतेकांचे मत तेच होते. तेव्हा माणसाला अज्ञानात ठेवणे हा उपाय नव्हे. घातक ठरते ते अहवालातील शब्द घेऊन मध्यरात्री एकट्याने फोनवर शोध घेत बसणे. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या जेरोम के. जेरोम यांच्या 'थ्री मेन इन अ बोट' या विनोदी कादंबरीचा निवेदक ब्रिटिश म्युझियममध्ये वैद्यकाचा एक ग्रंथ चाळतो आणि एक अपवाद वगळता त्यातील सारे रोग आपल्याला जडल्याची त्याची खात्री पटते. त्याला निदान म्युझियमपर्यंत चालत जावे लागले होते. आज तेवढेही अंतर उरलेले नाही.

या सर्व प्रकारात दवाखान्यांचे आणि प्रयोगशाळांचे काहीच कर्तव्य नाही काय? इस्त्रीला कपडे टाकले तरी दुकानदार कपडे कधी मिळतील ते सांगतो. शरीराचा तुकडा दिला तर "चौकशी करा" एवढेच मिळावे, हे विचित्र आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०२१ पासून असे मानक ठरविले आहे की, कर्करोगाच्या संशयाने तातडीने पाठविलेल्या रुग्णाला तो रोग आहे किंवा नाही हे २८ दिवसांच्या आत सांगितले जावे. ते नेहमी पाळले जाते असे नाही, परंतु न पाळल्याचा जाब विचारता येतो. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. आजाराचे स्वरूप व संभाव्य निदान जाणून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे, असे ती सनद मानते. भिंतीवर सनद टांगली की नियम पाळला गेला. खिडकीवरचे उत्तर बदलण्यासाठी मात्र कोणीतरी मान वर करावी लागते. अहवाल कोणत्या दिवशी मिळेल, तो समजावून कोण सांगेल आणि लांबला तर कोणाला विचारावे, एवढे पावतीच्या पाठीवर लिहून देण्यास नवे यंत्र लागत नाही.

ज्याला वाट पाहावयाची आहे, त्याने काय करावे? चिंता मुळीच होऊ नये असा हट्ट धरू नये, हे पहिले. कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट पाहणाऱ्या पदवीधरांचा अभ्यास झाला आहे. जे प्रतीक्षेत तळमळले, त्यांनी अपयश अधिक समंजसपणे पेलले आणि यश अधिक आनंदाने स्वीकारले, असे त्यात आढळले. चिंता टाळण्याच्या युक्त्यांनी ती फारशी टळलीही नाही. तेव्हा चिंतेला दिवसाचा एखादा अर्धा तास द्यावा, डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न त्या वेळात कागदावर लिहावेत. गाठ वारंवार दाबू नये. दाबल्यानेही ती दुखरी होते आणि मग त्या दुखण्याचीच नवी शंका निघते. हात गुंतवून ठेवणारे काम उपयोगी पडते: उत्तरपत्रिका तपासणे, पुस्तकांना कव्हरे घालणे, धान्य निवडणे. सहानुभूतीला येणाऱ्यांपैकी ज्यांच्याजवळ दूरच्या मेव्हण्याची अशीच एक हकिगत तयार असते, त्यांना चहा द्यावा आणि विषय बदलावा.

काहींच्या बाबतीत मात्र निर्दोष अहवालानेही चिंता फिटत नाही. दोन दिवस बरे जातात, मग चूक तर झाली नसेल ना ही शंका डोके वर काढते, नवा डॉक्टर, नवी तपासणी, आणि हे महिनोन्महिने चालू राहते. अशांची थट्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेतून 'हायपोकाँड्रिया' हा हेटाळणीचा बनलेला शब्द काढून टाकला आणि आजाराच्या चिंतेचा विकार असे सरळ नाव स्वीकारले. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या मानसोपचाराने त्यात चांगला गुण येतो. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

त्या शिक्षिकेचे यजमान दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीपाशी गेले असे समजू. "साहेब, नक्की कोणत्या दिवशी येऊ, आणि भेटायचे कोणाला?" एवढेच त्यांनी विचारले. आतल्या माणसाने वही उघडून पाहिली आणि पावतीच्या मागे लिहून दिले: मंगळवार, अकरानंतर, डॉक्टर स्वतः सांगतील. अहवाल त्यामुळे एक तासही लवकर येणार नव्हता. संध्याकाळी ती पावती त्यांनी बायकोच्या हातात दिली. तिने ती वाचली, दिनदर्शिकेमागे खोचली आणि मुलाला हाक मारून जवळ बसवून घेतले.