येता-जाता खाणे आणि वाढते वजन



खेड्यावरून नागपुरास खरेदीला आलेला माणूस सीताबर्डीवर उतरला, की त्याचा दिवस कसा जातो ते पाहा. घरून तो भाजी-भाकर खाऊन निघालेला असतो. कापडाचा दुकानदार ओळखीचा, म्हणून एक चहा होतो. रस्त्याच्या कडेला आलूबोंड्यांचा घाणा निघतो, वास येतो, म्हणून दोन आलूबोंडे. सोबत्याचा आग्रह पडला, म्हणून दुसरा चहा. बस यायला उशीर, म्हणून तिसरा. मुलांसाठी घेतलेला चिवड्याचा पुडा बसमध्येच थोडा फुटतो. घरी गेल्यावर बायको विचारते, "दिवसभर काही खाल्लं का जी?" तो मनापासून सांगतो, "काहीच नाही. वाढ लवकर."

हा माणूस खोटे बोलत नाही, बरे का! ताट मांडून जे खाल्ले नाही, ते खाल्ल्यात धरायचे नाही, ही आपली सगळ्यांचीच रीत आहे. परंतु शरीराच्या वहीत ते मांडले जाते. अन्नातील शक्ती मोजण्याचे माप म्हणजे कॅलरी. दोन आलूबोंडे आणि साखर-दुधाचे तीन चहा मिळून अंदाजे पाचशे कॅलरी होतात. म्हणजे एक जेवणच झाले, आणि ते कोणाच्या लक्षातही राहिले नाही!

आता कोणी म्हणेल, मधे खाल्ले तर पुढच्या जेवणाला भूक कमी लागेल; हिशेब आपोआप जुळेल. काही अंशी ते खरे आहे. पण अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात इ. स. २००० च्या सुमारास एक प्रयोग झाला. पंधरा माणसांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या गोड गोळ्या दिल्या आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरींचे गोड पेय दिले. गोळ्या खाल्ल्या तेव्हा त्यांचे इतर खाणे आपोआप कमी झाले. पेय घेतले तेव्हा मात्र इतर खाणे होते तेवढेच राहिले, आणि वजन वाढले. प्यालेली साखर पोट नीट मोजत नाही. आपला गोड चहा याच जातीचा. दिवसातून सहा कप, कपाला दोन चमचे, म्हणजे नुसती साखरच पन्नास-साठ ग्रॅम झाली.

रोजचे हे थोडेथोडे किती होते? भरल्या अंगाच्या माणसाने रोज शंभर कॅलरी जास्त खाल्ल्या, तर पहिल्या वर्षी वजन सुमारे दोन किलोने आणि तीनेक वर्षांत सुमारे चार किलोने वाढते. मग ते तिथे ठरते. शंभर कॅलरी म्हणजे काय, तर दीड कप गोड चहा! पूर्वी नांगरामागे चालणाऱ्याची शिदोरी अंगमेहनतीत जिरत असे. आता ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली. शिदोरी तेवढीच राहिली आणि वर पुडे आले.

"मी तर बारीक आहे," असे म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपली आणि एका इंग्रज सहकाऱ्याची तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९ टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१ टक्के! भारतीय माणसाची चरबी पोटाशी साठते, आणि तिच्यामागून मधुमेह येतो. म्हणून शिंप्याच्या टेपने कंबर मोजावी. पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, की सावध व्हावे.

उपाय काय? आपल्या नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) सांगत, की खरी भूक लागेल तेव्हाच, आणि दिवसातून दोनदाच जेवा. खाल्ले की दर वेळी शरीरात इन्सुलिन सुटते, आणि ते चरबी साठवायला लावते, असे त्यांचे म्हणणे. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी हाच विचार महाराष्ट्रभर नेला. उलट, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडेथोडे, पण वरचेवर खावे असे सांगतात. मग ऐकावे कोणाचे? एकूण अन्न सारखेच ठेवून केलेल्या प्रयोगांत, ते दोनदा खाल्ले काय नि सहादा खाल्ले काय, वजनात फारसा फरक पडला नाही. दोनदा जेवण्याचा गुण मला दिसतो तो असा, की न मोजलेल्या खाण्याचे दार त्याने बंद होते.

पण एक इशारा. वाढती मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, आणि मधुमेहाचे औषध घेणारे यांनी डॉक्टरला विचारल्यावाचून जेवण गाळू नये. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया गरजेपेक्षा जाड आढळल्या, तशाच १९ टक्के गरजेपेक्षा रोडही आढळल्या. ज्या घरी दोन वेळचे पुरत नाही, तिथे हा उपदेश करू नये.

शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. गावात चार घरी गेले, की चार चहा. नाही म्हटले तर माणूस दुखावतो. तेव्हा नाही म्हणू नका, "बिनसाखरेचा द्या, अर्धाच द्या" म्हणा. पातळ ताक मागा, पाणी मागा. मान राहतो आणि पोटही राहते.

आणि सीताबर्डीहून घरी परतल्यावर बायकोने विचारले, तर खरे सांगा: "दोन आलूबोंडे, तीन चहा झाले. आज एकच भाकर वाढ." एवढे मोजता आले, की अर्धे काम झाले.