सायकलींचे पुणे

मुलांनो, पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. माझे लहानपण तेथेच गेले. शाळा, बाजार, नातेवाईक, सारे सायकलच्या अंतरावर होते. यंदा बऱ्याच वर्षांनी गेलो, तर रस्ता ओलांडायचीच भीती वाटली!

असे का झाले? शहर चहूकडे पसरले. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महानगरपालिकेत आली. घर हडपसरला, तर नोकरी हिंजवडीला! इतके अंतर रोज सायकलने कोण जाणार? बसचा भरवसा नाही. म्हणून घरोघरी स्कूटर आली. घरटी एक म्हटले तरी कमीच. जुन्या पेठांतील रस्ते मात्र अरुंदच राहिले.

२०२२ पासून मेट्रो धावते. पण स्टेशनपर्यंत चालत जायला पदपथ हवा ना! तो पुष्कळ ठिकाणी उभ्या गाड्यांनीच अडवला आहे.