अभ्यंगस्नान आणि जयंती नाला

कोल्हापूरच्या निवडणुकीत पाण्यावरची कोटी हमखास टाळी घेते. रस्ते, कचरा, घरफाळा यांवर भाषणं होतात; पाण्यावर घोषणा होतात, फलक लागतात, मोबाइलच्या स्टेटसला व्हिडिओ चढतात आणि संध्याकाळपर्यंत पेठेतल्या कट्ट्यावर त्यांना उत्तरं तयार असतात. मात्र हा सगळा विनोद नळाला येणाऱ्या पाण्याचा असतो. मोरीतून जाणाऱ्या पाण्यावर कुणी फारसं बोलत नाही, आणि शहराजवळ पंचगंगा बिघडते ती या दुसऱ्या पाण्यानं.

कोल्हापुरी प्रचाराची घोषणा आखूड असते आणि तिला उत्तर देता येतं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे नेते सतेज पाटील यांच्या गटाची ‘आमचं ठरलंय’ ही घोषणा गाजली. काय ठरलंय हे तिच्यात कुठंच नव्हतं, पण ते सगळ्या जिल्ह्याला कळलं होतं. पुढं २०२१ मध्ये गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीत तिलाच पुढचा तुकडा जोडला गेला. २०२३ मध्ये राजाराम साखर कारखान्याच्या रणधुमाळीत ‘कंडका पाडायचा’ आलं, ते उसाच्या फडातून उचललेलं. २०२४ ला लोकसभेसाठी छत्रपती घराण्याचा उमेदवार समोर असताना महायुतीनं ‘मान गादीला, मत मोदीला’ म्हटलं, तर समोरून मान आणि मत दोन्ही गादीलाच, असा जबाब आला. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत काँग्रेसनं ‘कोल्हापूर कस्सं? तुम्ही म्हणशीला तस्सं!’ असा सवाल-जवाबच फलकांवर मांडला. या सगळ्यांत बोली घरची आहे, ताल टाळीचा आहे आणि समोर एक नक्की माणूस आहे. अशा विनोदाला चेहरा लागतो आणि तारीख लागते.

थेट पाइपलाइन योजनेत त्याला दोन्ही मिळालं. शहराचं पिण्याचं पाणी शिंगणापूर आणि बालिंगा इथल्या उपसा केंद्रांवरून येत होतं. त्याऐवजी दूधगंगा नदीवरच्या काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटर लांबीची नळवाहिनी टाकून ते पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात आणायचं, ही शहराची जुनी मागणी. त्यासाठी आंदोलनं झाली, मंजुरी मिळाली, काम सुरू झालं आणि रेंगाळलं. ‘यंदाच्या दिवाळीची पहिली अंघोळ याच पाण्यानं’ असं आश्वासन दिलं गेलं आणि दिवाळी कोरडी गेली. मग दर दिवाळीला विरोधकांच्या हातात आयता मुद्दा: उटणं तयार आहे, पाणी कुठं आहे? २०२३ च्या नोव्हेंबरात पाणी पुईखडीला पोचलं आणि सतेज पाटील यांनी त्याच पाण्यानं अभ्यंगस्नान केलं. त्यानंतर विनोदाचा रोख फिरला. पाणी आलं, तर आमच्या गल्लीत का नाही, हा नवा सवाल झाला. अंघोळीची कोटी टिकली, कारण तिच्यामागं खरी तहान होती. घागर घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला ती कुणी समजावून सांगावी लागली नाही. या विनोदानं एक चांगलं काम केलं हे मान्य करायला हवं. योजना लोकांच्या नजरेआड होऊ दिली नाही.

अंघोळीचं पाणी पुढं जातं ते जयंती नाल्याला. करवीरच्या जुन्या महात्म्यकथांत जयंती आणि गोमती या नद्या आहेत. आज दोन्ही शहराच्या मध्यातून मैलापाणी वाहतात आणि एकत्र होऊन पंचगंगेकडे जातात. नदीला मिळण्याआधी नाल्यावर बंधारा घातला आहे. तिथं पाणी अडवून पंपानं उचलायचं आणि कसबा बावड्याच्या मैलापाणी प्रक्रिया केंद्राकडे पाठवायचं, अशी व्यवस्था आहे. या केंद्राची क्षमता रोज ७६ दशलक्ष लिटर. दुधाळी नाल्यासाठी वेगळं केंद्र आहे, त्याची १७ दशलक्ष.

पंपाच्या अलीकडे लोखंडी गजांची जाळी असते. पाणी पंपात जाण्याआधी तिथं गाळलं जातं, आणि जाळीला जे अडतं ते माणसाला ओढून काढावं लागतं. लांब दांड्याचं दाताळं घेऊन कामगार कठड्यावर उभा राहतो, दाताळं गजांत घालून खालून वर ओढतो. वर येतात दुधाच्या रिकाम्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, चिंध्या, केसांचे गुंतवळ, पूजेचे नारळ, सॅनिटरी पॅड, कधी चपलेचा एक जोड. ढीग कठड्यावर निथळत ठेवायचा, पुन्हा दाताळं आत. तासाभरानं जाळी परत भरलेली असते. वास सडक्या अंड्याचा, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडचा. प्राणवायू नसलेल्या पाण्यात घाण कुजली की तो सुटतो. रबरी बूट काढले तरी तो अंगाला राहतो आणि घरी जेवणाच्या ताटापर्यंत जातो. शहराची घाण नदीपासून अडवणारा पहिला माणूस हाच. प्रचाराच्या कुठल्याही फलकावर त्याचा फोटो लागत नाही.

पुढची प्रक्रिया थोडक्यात अशी: बावड्याच्या केंद्रात वाळू-खडे वेगळे काढतात, मग मोठ्या टाक्यांत पाणी भरून त्यात हवा सोडतात, हवेवर वाढणारे जिवाणू घाण खातात, हवा बंद केल्यावर ते तळाशी बसतात आणि वरचं निवळ पाणी सोडून देतात.

अडचण या केंद्राच्या बाहेर आहे. ७६ दशलक्ष लिटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८८० लिटर. या वेगानं येणारं पाणी उचलणारे पंप तासभर बंद पडले, तर ३२ लाख लिटर मैलापाणी बंधाऱ्यावरून नदीत जाऊ शकतं. वीज गेली, पंप नादुरुस्त झाला, बंधाऱ्याचे बरगे हलले, वळवाचा एक जोरदार पाऊस आला, एवढं पुरतं. महापुरात तर नदीच नाल्यात शिरते. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. म्हणून क्षमता ७६ असणं आणि त्या दिवशी ७६ दशलक्ष लिटर पाणी खरोखर उचललं जाणं, या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या पाहिजेत. कागदावरचा आकडा पहिला असतो, माशांना दुसरा लागतो.

पंचगंगा प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ या बंधाऱ्यांनी अडवलेली आहे. उन्हाळ्यात ती वाहण्यापेक्षा साठून असते. तिच्यात शहरांचं मैलापाणी येतं, इचलकरंजीच्या काळ्या ओढ्यानं कापडप्रक्रियेचं पाणी येतं, काठावरच्या गावांचं येतं, आणि कधी साखर-मद्यार्क उद्योगांचं. घरगुती मैलापाण्याची जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे त्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू, लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरलेल्या पाण्याची ४० हजारांच्या पुढं जाते. माशाला पाण्यात निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा. बंधाऱ्यात तुंबलेल्या पाण्यात असा लोंढा आला की रात्रीत प्राणवायू संपतो आणि सकाळी काठाला मासे पांढरे पडलेले दिसतात. मैलापाण्यातला नत्र आणि स्फुरद खाऊन जलपर्णी वाढते ती वेगळीच.

याची किंमत खालच्या अंगाला मोजली जाते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, माणसं दगावली. त्यानंतर या शहरानं पिण्याच्या पाण्यासाठी आधी वारणेकडे आणि मग दूधगंगेवरच्या सुळकूडकडे हात पसरला, आणि दोन्ही नद्यांच्या काठच्या गावांनी विरोध केला. दाराशी नदी असताना शेजारच्या खोऱ्याशी भांडावं लागणं, हे प्रदूषणाचं सर्वांत कडू फळ आहे. शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात म्हणूनच कोट्या कमी दिसतात. मेलेले मासे टोपल्यात भरून कार्यालयात नेणं, काळं पाणी बाटलीत भरून अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवणं आणि हे पिऊन दाखवा म्हणणं, ही त्यांची रीत. यातही थट्टेचा अंश आहे, पण तो रागातून येतो.

गणेश विसर्जनात मात्र कोल्हापूरनं वेगळं काही करून दाखवलं. घाटावर निर्माल्य वेगळं घेणारे कार्यकर्ते, मूर्तिदानाचा आग्रह धरणारे शिक्षक, शाळकरी मुलांची पथनाट्यं, तालमींचे देखावे असं वर्षानुवर्षं चाललं. सुरुवातीला विरोध होता. आज सार्वजनिक मंडळांच्या मूर्ती मोठ्या संख्येनं इराणी खण या जुन्या दगडखाणीतल्या पाण्याकडे जातात. मुलांच्या पथनाट्यात नदी आजारी पडते, डॉक्टर येतो आणि औषध म्हणून प्रेक्षकांतल्याच एकाची पिशवी काढून घेतो. हसणाऱ्याच्या हातातली वस्तूच इथं विनोदाचा विषय होते. निवडणुकीतला विनोद नेहमी समोरच्या गटाकडे बोट दाखवतो. नाल्यात जाणारं पाणी दोन्ही गटांच्या घरांतून येतं, त्यामुळं त्याच्यावर कोटी करायला प्रचारक कचरतो.

करता येणार नाही असं मात्र नाही. अंघोळीसारखी तारीख मैलापाण्यालाही देता येते. बंधाऱ्यावरून पाणी कोणत्या दिवशी सांडलं, किती तास सांडलं, पंप कधी सुरू झाला, याचा फलक प्रत्येक प्रभागात लागला तर कट्ट्यावर त्याचीही उत्तरं तयार होतील. प्रचाराचं साहित्यही याच हिशेबात धरावं लागेल. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे झेंडे आणि १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी फलक यांवर देशभर बंदी आहे. जाड फ्लेक्सला ती लागत नाही. मतदान झाल्यावर उतरवलेला फ्लेक्स कुणाच्या गोठ्यावर, कुणाच्या लाकडांवर झाकायला जातो. फाटलेला तुकडा गटारीत गेला, तर गटारीतून नाल्याला, नाल्यातून जाळीला येतो, आणि तो तिथं दाताळ्यानंच काढावा लागतो.