माउलीचे कौमार्य आणि संसाराचा मान

८ सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिन. त्याला लागून येणाऱ्या रविवारी मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवर ‘मोत माउली’ची आठवडाभराची जत्रा सुरू होते. मेणबत्त्या, मेणाच्या बाहुल्या, मेणाचे हातपाय घेऊन नवस फेडावयास जाणाऱ्यांत ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदू सुवासिनीही असतात. हाती बाळ घेतलेली ती मूर्ती त्यांना आई म्हणूनच भावते. परंतु ज्यांची ती धर्ममाता, त्यांच्यातील फार मोठा समुदाय तिला ‘नित्यकुमारी’ मानतो. आणि या एका विशेषणावरून ख्रिस्ती जगतात सोळाशे वर्षांहून अधिक काळ वाद चालत आला आहे. तो वाद एकट्या मरियेविषयी नाही. गृहस्थ मोठा की संन्यासी, हा आपल्या घरांना चांगलाच परिचित असलेला प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

येशूचा जन्म कुमारी मरियेच्या उदरी पवित्र आत्म्याच्या प्रभावाने झाला, ही परंपरागत ख्रिस्ती श्रद्धा सर्व प्रमुख पंथांना मान्य आहे. मतभेद त्यापुढचा. मार्काच्या शुभवर्तमानात येशूच्या चार भावांची नावे येतात: याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन. बहिणींचाही उल्लेख आहे. मग हे भाऊ कोण? याकोबाच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या दुसऱ्या शतकातील एका ग्रंथात मरियेचा पती योसेफ हा वयस्क विधुर असून त्याला आधीची मुले होती, असे वर्णन आहे. पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेने हेच उत्तर स्वीकारले.

इ. स. ३८३ च्या सुमारास रोममध्ये हेल्विडियस नावाच्या गृहस्थाने निराळे प्रतिपादन केले. ती मरिया व योसेफ यांचीच पुढील अपत्ये होत, असे तो म्हणाला. मरियेला हीनत्व आणण्याचा त्याचा हेतू नव्हता. कौमार्य आणि मातृत्व ही दोन्ही भूषणे तिने धारण केली, तेव्हा विवाहित स्त्रीला कुमारिकेहून उणी का लेखावे, असा त्याचा रोख होता. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे म्हणणे आपल्याला कळते ते त्याचे खंडन करणाऱ्या संत जेरोमच्या पुस्तकातून!

जेरोम हा प्रकांड पंडित, बायबलचा लॅटिन अनुवादक. पण लेखणी विलक्षण तिखट. येशूचे ‘भाऊ’ म्हणजे मावसभाऊ होत आणि योसेफही आजन्म ब्रह्मचारीच होता, असा निर्वाळा त्याने दिला. त्या काळी रोममधील थोरामोठ्यांच्या घरच्या स्त्रिया त्याच्या उपदेशाने व्रतस्थ होत होत्या. पाच मुलांची आई असलेली पॉला ही विधवा त्यांत अग्रणी. तिची थोरली मुलगी ब्लेसिला लग्नानंतर थोड्याच महिन्यांत विधवा झाली, कडक व्रताचरणाला लागली आणि ३८४ मध्ये ऐन तारुण्यात वारली. उपासांनी पोरीचा बळी घेतला, असे लोक अंत्ययात्रेतच बोलू लागले. पुढच्याच वर्षी जेरोमने रोम सोडले.

वाद मात्र शमला नाही. जोव्हिनियन हा स्वतः अविवाहित साधू. त्याने सांगितले, की बाप्तिस्मा घेतलेली कुमारिका, विधवा आणि सुवासिनी यांचे आचरण सारखे असेल, तर त्यांची योग्यताही सारखीच. काही व्रतस्थ स्त्रियांनी हे ऐकून लग्ने केली. ३९० नंतरच्या दोनतीन वर्षांत रोमच्या आणि मिलानच्या धर्माध्यक्षांनी त्याला दोषी ठरवले. जेरोमने ३९३ मध्ये त्याच्यावर दोन खंड लिहिले. त्यांत विवाहाची इतकी निर्भर्त्सना होती, की रोममधील त्याच्या स्नेह्यांनाच त्या प्रती परत गोळा करण्याची धडपड करावी लागली. जो स्वतः संसार करीत नाही, त्याने संसाराची बाजू घ्यावी, यात जोव्हिनियनचा मोठेपणा मानावा लागेल.

तडजोड घडवली ती संत ऑगस्टीनने. पूर्वायुष्यात विवाहाविना एका स्त्रीशी अनेक वर्षे संसार केलेला आणि एका मुलाचा पिता असलेला हा पुरुष. ४०१ च्या सुमारास त्याने विवाहावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला: संतती, निष्ठा आणि अतूट पवित्र बंधन यांमुळे विवाह मंगल आहे, मात्र ब्रह्मचर्य त्याहून श्रेष्ठ. पश्चिमेकडील चर्चने हीच पायरी कायम केली. ११३९ च्या लॅटरन धर्मपरिषदेने तेथील धर्मगुरूंचे विवाह रद्दबातल ठरवले. पौर्वात्य मंडळ्यांत मात्र दीक्षेपूर्वी विवाह केलेला पुरुष धर्मगुरू होऊ शकतो. केरळातील ऑर्थोडॉक्स मंडळीत हे आजही दिसते.

संन्यास टाकून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांची कथा ज्या घरांत सांगितली जाते, त्यांना १५२५ सालच्या खळबळीची कल्पना सहज येईल. त्या वर्षी मार्टिन ल्यूथर या मठवासी साधूने मठ सोडून आलेल्या कॅथरिना फॉन बोरा हिच्याशी विवाह केला. त्यांना सहा मुले झाली आणि धर्मगुरूचे घर हेच प्रॉटेस्टंट पंथात आदर्श ठरले. नवलाची गोष्ट अशी, की मरियेच्या नित्यकौमार्यावर ल्यूथरची स्वतःची श्रद्धा ढळली नाही! आजचे बहुसंख्य प्रॉटेस्टंट मात्र ते मानीत नाहीत. उलट १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने कौमार्यव्रताहून विवाह श्रेष्ठ म्हणणाऱ्यास बहिष्कृत ठरवले.

महाराष्ट्रात हे दोन्ही प्रवाह आले. वसईच्या कॅथॉलिक चर्चमधील धर्मगुरू ब्रह्मचारी असतात. तर प्रॉटेस्टंट झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक लक्ष्मीबाईंसह संसारी राहिले. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये ख्रिस्ती संन्यास स्वीकारला आणि मिशनची चाकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. लक्ष्मीबाईंची सोबत मात्र त्या संन्यासातही सुटली नाही.