बर्फातली गाडी : चार चाकांचा जोर आणि टायरची पकड

आपल्या शाळेतून शिकून बाहेर पडलेली बरीच मुलेमुली आज कॅनडा-अमेरिकेत आहेत. दिवाळीच्या सुमारास त्यांचे बडोद्याला फोन येऊ लागतात. "बाबा, थोड्याच दिवसांत बर्फ सुरू होईल, बसची वाट पाहत उभे राहवत नाही, एखादी जुनी गाडी घ्यावी म्हणतो." इकडून ठरलेले उत्तर जाते, "घे, पण फोर व्हील ड्राइव्हच घे. चार पैसे जास्त गेले तरी चालतील."

ओंटारिओत असलेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने हा सल्ला मानला. ऐपतीबाहेर जाऊन त्याने जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेतली. टायर होते तेच ठेवले, कारण पैसे उरले नव्हते. पहिल्याच बर्फात चौकातला दिवा लाल झाला, त्याने ब्रेक दाबला आणि गाडी सरळ घसरत जाऊन पुढच्या गाडीवर आदळली. सुदैवाने कोणाला लागले नाही. सुट्टीत शाळेत भेटायला आला तेव्हा तो आम्हाला म्हणाला, "सर, हे पालकांना सांगा." म्हणून हा लेख.

चारही चाके काय करतात?

साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो, फोर व्हील ड्राइव्हमध्ये तो चारही चाकांना मिळतो. त्यामुळे बर्फात रुतलेली गाडी सुटते आणि चढावर चाके जागीच फिरत राहत नाहीत. हा फायदा खरा आहे. पण ब्रेक साध्या गाडीतही चारही चाकांना असतातच! म्हणजे थांबण्याच्या कामी फोर व्हील ड्राइव्हची काहीही मदत होत नाही. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणामुळे.

विद्यार्थी मित्रांनो, हा हिशेब तुम्हीही करू शकाल. वेगाच्या वर्गाला घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागले की थांबण्याचे अंतर मिळते. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक सुमारे ०.७, दाबलेल्या बर्फावर ०.२ आणि गुळगुळीत बर्फावर ०.१ धरा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर १४ मीटरमध्ये थांबेल, दाबलेल्या बर्फावर तिला ४९ मीटर लागतील आणि गुळगुळीत बर्फावर तब्बल ९८ मीटर! वेग ३० वर आणला, तर दाबलेल्या बर्फावरचे अंतर १८ मीटरवर येते. गाडीला किती चाकांचा जोर आहे, हे या गणितात कुठेच येत नाही, हे लक्षात घ्या.

मग टायरला एवढे महत्त्व का?

साध्या टायरचे रबर तापमान ७ अंशांच्या खाली गेले की कडक होऊ लागते आणि त्याची पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरून ठेवतात. असे टायर ओळखायची खूण म्हणजे बाजूवर असलेले तीन शिखरांच्या डोंगराचे आणि त्यातल्या हिमकणाचे चित्र. नुसती 'एम अधिक एस' ही अक्षरे पाहून समाधान मानू नये. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. ओंटारिओत सक्ती नाही, पण असे टायर लावणाऱ्याला विम्याच्या हप्त्यात सूट देणे २०१६ पासून विमा कंपन्यांना बंधनकारक आहे. टायर चारही बदलावेत. दोनच बदलले तर गाडीचा एक भाग धरतो आणि दुसरा घसरतो.

जुनी गाडी पाहताना

शहरात रस्त्यांवरचा बर्फ यंत्राने लोटतात, वर मीठ टाकतात. अशा ठिकाणी पुढच्या चाकांवर चालणारी साधी गाडी आणि चार चांगले हिवाळी टायर एवढे पुरते. ज्याचे घर चढावर आहे, जो खेड्याकडे राहतो किंवा ज्याला बर्फ लोटण्याआधी पहाटे कामावर निघावे लागते, त्याने फोर व्हील ड्राइव्ह जरूर घ्यावी.

ती घेताना प्रकार विचारावा. आपल्याकडच्या जिप्सीसारख्या गाडीत दांडा ओढून चार चाकांचा जोर लावावा लागतो आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर तो काढावा लागतो, नाहीतर यंत्रणेवर ताण येतो. रोजच्या वापराला 'ऑल व्हील ड्राइव्ह' सोयीची, कारण तिथे चालकाला काही करावे लागत नाही. सुबारूच्या फॉरेस्टर आणि आउटबॅक या गाड्या तिकडे याच प्रकारात मिळतात. टोयोटा रॅव्ह-४ आणि होंडा सीआर-व्ही मात्र दोन्ही प्रकारांत विकल्या गेल्या आहेत. तेव्हा नावावर न जाता मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आहे की नाही, ते खाली वाकून पाहावे. अशा गाडीचे चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले असावेत, नाहीतर आतली यंत्रणा खराब होते आणि तिची दुरुस्ती महाग पडते.

दुसरा शत्रू गंज. रस्त्यावरच्या मिठाने गाडी खालून खाल्ली जाते आणि वरचा रंग मात्र चकचकीत असतो. म्हणून विकणाऱ्याचा नव्हे, आपल्या ओळखीचा मेकॅनिक गाठून गाडी लिफ्टवर चढवावी. चॅसी, दाराखालचा पत्रा आणि ब्रेकच्या नळ्या नीट पाहून घ्याव्यात. गाडीच्या सतरा अक्षर-अंकी क्रमांकावरून तिच्या अपघातांचा इतिहासही काढता येतो. तपासणीला खर्च येतो खरा, पण तो वाचवू नये.

पैशांची वाटणी

टायर आणि रिमा मिळून हजार डॉलरच्या घरात खर्च जातो. तो आधी बाजूला काढावा, तपासणीचे पैसे ठेवावेत आणि उरलेल्या रकमेत बसेल ती गाडी घ्यावी. फोर व्हील ड्राइव्ह त्यात बसली तर उत्तमच. नाही बसली तरी झिजलेल्या टायरांच्या फोर व्हील गाडीपेक्षा हिवाळी टायर लावलेली साधी गाडी केव्हाही बरी.

पालकहो, पुढच्या वेळी फोनवर "गाडी कोणती घेतलीस?" हे तुम्ही विचारालच. त्याबरोबर "टायर कोणते आहेत, आणि बर्फात किती वेगाने चालवतोस?" हेही विचारा. तिकडची आपली लेकरे रोज सुखरूप घरी पोहोचावीत, एवढीच आम्हा सर्वांची इच्छा.